जमिनीखालची आग आणि सरपणाचा हिशेब

इ.स. ९४५ मध्ये चीनमध्ये पूर्ण झालेल्या ‘जुन्या तांग इतिहासा’त गोगुर्यो या प्राचीन कोरियन राज्याविषयी एक प्रकरण आहे. लोक काय नेसतात, कोणते देव पूजतात, घरे कशी बांधतात, अशा नोंदी करता करता इतिहासकार एक गोष्ट सहज सांगून जातो. त्या देशात गरीब लोक पुष्कळ आहेत आणि हिवाळ्यात ते लांब चर करून त्याखाली आग धुमसत ठेवतात व ऊब घेतात.

मंडळी, या नोंदीतला ‘गरीब’ हा शब्द ध्यानात ठेवा. आज युरोप-अमेरिकेत फरशीखाली गरम पाण्याच्या नळ्या घातलेले घर सुखवस्तू समजले जाते आणि ही पद्धत ‘ऊर्जा वाचवणारी’ म्हणून विकली जाते. दावा खोटा नाही. पण इतिहासाला विचारले, तर उत्तर इतके सरळ येत नाही. याच तंत्राने एका काळी चुलीतला वाया जाणारा धूर कामाला लावला, आणि दुसऱ्या काळी एका देशाचे डोंगर बोडके होण्याला हातभार लावला. तंत्र तेच राहिले; भोवतालचे घर, इंधन आणि माणसे बदलली. आजचा धागा या बदलाविषयी आहे. मुख्य मुक्काम कोरियात, पण वाट रोमवरून जाते, कारण आपल्या पाठ्यपुस्तकांना रोमच अधिक ओळखीचे.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद विट्रुवियस आपल्या ग्रंथाच्या पाचव्या भागात स्नानगृहांची रचना सांगतो. आठ इंची चौकोनी विटांचे दोन फूट उंचीचे बुटके खांब उभारायचे. त्यांवर दोन फुटी चौकोनी फरश्या टाकायच्या आणि त्यांवर गिलाव्याची जमीन करायची. खालच्या पोकळीचा तळ भट्टीच्या तोंडाकडे उतरता हवा. इतका, की आत फेकलेला चेंडू आपोआप घरंगळत भट्टीपाशी परत यावा. अशा उतारामुळे ज्वाळा पोकळीत सहज पसरते. चेंडूची ही कसोटी मला फार आवडते. मोजमापाचे यंत्र नसलेल्या गवंड्यालाही ती वापरता येते.

या रचनेला ‘हायपोकॉस्ट’ म्हणतात. अर्थ सरळ आहे, खालून तापवलेले. पुढे भिंतींतही पोकळ मातीच्या नळ्या बसवू लागले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात सांगतो, की भिंतीतल्या या नळ्या आपल्याच हयातीत आल्या. त्याच्या पुढच्या पिढीतला धाकटा प्लिनी समुद्रकाठच्या आपल्या घराचे वर्णन करताना शयनगृहालगतच्या एका चिमुकल्या तापखोलीचा उल्लेख करतो. तिला एक अरुंद झरोका होता. तो उघडला की ऊब खोलीत येई, मिटला की आतच राहे. आजच्या तापनियंत्रकाचा हा पूर्वज म्हणायला हरकत नाही.

मात्र हे सारे काटकसरीसाठी नव्हते. विटांचा आणि गिलाव्याचा तो जाड थर तापायला खूप वेळ घेतो. एकदा तापला की ऊब धरून ठेवतो, हे खरे. पण म्हणूनच तो अखंड पेटत्या भट्टीला शोभतो. सार्वजनिक स्नानगृहात दिवसभर माणसांचा राबता असे, तिथे हा हिशेब बसतो. घरात मात्र श्रीमंतांच्या वाड्यांतही एखाददुसरीच खोली अशी तापवलेली असे. भट्टीत लाकडे सारणारा गुलाम त्या खर्चात कोणी धरलाच नाही. गुलामाचे श्रम फुकट मानले की कोणतेही यंत्र कार्यक्षम ठरते!

पश्चिमेत साम्राज्य मोडले तशी घरांतली ही व्यवस्थाही मागे पडली. स्नानगृहांत मात्र ती टिकली आणि इस्लामी जगातल्या हमामांतून पूर्वेकडे आली. आपल्या ‘हमामखाना’ शब्दाचे मूळ तिकडलेच. काश्मीरमध्ये मशिदींना लागून अशा हमामखोल्या आजही आहेत: दगडी लाद्यांची जमीन, खाली पोकळी, पोकळीत लाकडाची आग, आणि हिवाळ्यात त्या जमिनीवर पाठ टेकून निवांत बसलेली माणसे.

आता कोरिया. तिथली कथा चुलीपासून सुरू होते, आणि मला वाटते सगळा फरक इथेच आहे.

कोरियन पद्धतीला ‘ओंडोल’ म्हणतात. तिचे देशी नाव ‘गुदुल’. घराच्या एका कडेला, जमिनीच्या पातळीपेक्षा खाली, स्वयंपाकघर असते. तिथल्या चुलीवर भात शिजतो. चुलीतला धूर आणि ज्वाळा मात्र वर जात नाहीत. त्या शेजारच्या खोलीच्या जमिनीखाली बांधलेल्या समांतर धूरवाटांमध्ये शिरतात, खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातात आणि तिथल्या धुराड्यातून बाहेर पडतात. धूरवाटांवर चपटे दगड, दगडांवर मातीचा लेप, आणि लेपावर तेल पाजलेला जाड कागद. आपल्याकडे चुलीला वैल असतो. मुख्य जाळाची उरलेली धग त्यावरच्या भांड्याला मिळते. ओंडोल म्हणजे खोलीएवढा वैल समजा. भात शिजवायला लाकूड जाळायचेच आहे. त्याच लाकडात रात्रीची ऊबही पदरात पडते.

यातले बारकावे बघण्यासारखे आहेत. चुलीजवळचे दगड जाड आणि त्यांवर मातीचा थरही जाड. दूरच्या टोकाला दगड पातळ, थरही पातळ. कारण चुलीकडचा धूर अतितप्त असतो आणि दूर जाताना निवत जातो. जाडीच्या या फरकाने ऊब थोडीफार सारखी वाटली जाते. चुलीच्या मागे धूरवाट एकदम वर चढते, म्हणजे ज्वाळा आत ओढली जाते आणि उलट फिरत नाही. धुराड्याच्या आधी एक खोल खळगा असतो. तिथे धुराची गती मंदावते, राख खाली बसते आणि बाहेरून घुसलेला वारा अडतो. उन्हाळ्यात मात्र ही सोय जाच ठरली असती, म्हणून तेव्हा स्वयंपाकासाठी बाहेर वेगळी चूल मांडत.

एवढे करूनही खोली सर्वत्र सारखी तापत नसेच. चुलीकडच्या उबदार जागेला ‘आरेन्मोक’ म्हणतात. ती जागा घरातल्या वडीलधाऱ्यांची आणि पाहुण्यांची. उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी झाकणाचे भातपात्र पांघरुणात गुंडाळून तिथेच ठेवले जाई. लोक जमिनीवर बसत, जमिनीवर जेवत, जमिनीवरच अंथरूण घालून निजत. खोल्या लहान आणि छत ठेंगणे. ऊर्जेच्या हिशेबात ही माहिती दगडांच्या जाडीइतकीच मोलाची आहे. शेकोटी किंवा शेगडी हवा तापवते. तापलेली हवा वर जाते, आढ्याला उकडते आणि पाय गारठलेलेच राहतात. ओंडोलमध्ये ऊब थेट शरीराला भिडते, आणि शरीर तर जमिनीलाच टेकलेले. हवा काहीशी थंड असली तरी माणूस सुखात असतो. म्हणजे इथे बचत घराच्या ठेवणीत आणि घरच्यांच्या बसण्या-उठण्याच्या रीतीतही होती. त्याच जमिनीवर उंच पलंग आणि खुर्च्या मांडा, बरीचशी बचत तिथेच विरून जाईल.

प्रारंभीच्या ओंडोलमध्ये खोलीचा एखादाच भाग तापत असे. भिंतीकडेने एक-दोन धूरवाटा आणि त्यांवरचा तापता ओटा. उत्तर कोरियात आणि त्याला लागून असलेल्या प्रदेशांत पुरातत्त्वज्ञांना दोन हजार वर्षांहून जुने असे अवशेष सापडले आहेत. तांग इतिहासातले ‘लांब चर’ हेच असावेत. गोर्यो काळाच्या उत्तरार्धात सबंध जमीन तापवण्याची रीत पसरू लागली. तरीही जोसन राजवटीच्या आरंभी, म्हणजे १५ व्या शतकात, उच्चवर्गाच्या घरांत लाकडी जमीन आणि निखाऱ्यांची शेगडी हाच रिवाज होता. राजधानीतल्या ‘सोंगग्युनग्वान’ या राजविद्यापीठाच्या वसतिगृहात ओंडोलच्या खोल्या प्रथम आजारी विद्यार्थ्यांसाठी केल्या गेल्या. थोडक्यात, तापलेली जमीन ही गरिबांची, वृद्धांची आणि रुग्णांची गोष्ट होती.

१७ व्या शतकात चित्र पालटले. ‘लघु हिमयुग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या थंड कालखंडातले हे कठीण शतक. १६७०-७१ साली कोरियात भीषण दुष्काळ पडला. याच शतकात ओंडोल देशभर आणि समाजाच्या सर्व थरांत पसरला. अभ्यासक या दोन गोष्टींचा संबंध जोडतात. १६५३ मध्ये जहाज फुटून जेजू बेटावर अडकलेला डच खलाशी हेंड्रिक हामेल तेरा वर्षे कोरियात राहिला. त्याच्या वृत्तान्तात तेलकट कागदाने मढवलेल्या आणि खालून रोज आग घातलेल्या खोल्यांचे वर्णन आहे. हिवाळ्यात त्या भट्टीसारख्या गरम असत.

आणि इथेच हिशेब उलटला. पूर्वी जिथे एक खोली तापत होती, तिथे आता घरातल्या अनेक खोल्या तापू लागल्या. ज्यांच्याकडे ओंडोल नव्हता त्यांच्याकडेही तो आला. सगळ्याच खोल्यांना चुलीची उरलेली धग कशी पुरणार? काही खोल्यांसाठी निव्वळ ऊब म्हणून आग पेटू लागली. वैल राहिला बाजूला, मुख्य चूलच वाढली. १८६५ मध्ये इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स याने कोळशाविषयी एक विरोधाभास मांडला: यंत्रे काटकसरी झाली की कोळसा कमी लागत नाही, उलट त्यांचा वापर इतका वाढतो की एकूण कोळसा जास्तच जळतो. जेव्हन्सपुढे वाफेची इंजिने होती. पण त्याच्याआधी दोनशे वर्षे कोरियाच्या डोंगरांवर काहीसे असेच घडत होते, असे माझे मत आहे.

जोसन दरबाराला जंगलाची किंमत कळत नव्हती असे नाही. पाइन वृक्ष तोडण्यावर आरंभापासून कडक बंदी होती. जहाजबांधणी आणि राजवाड्यांसाठी कित्येक डोंगर राखून ठेवले होते. लोकांनी मग फांद्या छाटल्या, गवत कापले, झाडांखालची सुईसारखी वाळकी पाने खरवडून नेली. पालापाचोळा गेला की जमिनीचा कस जातो, पावसात माती वाहते. अर्थात दोष एकट्या ओंडोलचा नव्हता. लोकसंख्या वाढत होती, डोंगरउतारावर जाळून शेती होत होती, घरांना आणि होड्यांनाही लाकूड लागत होते.

त्या काळातल्या विचारवंतांनी या प्रश्नाकडे डोळेझाक केली नाही. १७८० मध्ये पाक जी-वॉन हा विद्वान चीनच्या सम्राटाकडे जाणाऱ्या शिष्टमंडळाबरोबर गेला. परतल्यावर लिहिलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात चिनी ‘कांग’ची, म्हणजे खालून तापवलेल्या विटांच्या ओट्याची, बारकाईने केलेली पाहणी आहे. त्याच्याशी तुलना करून त्याने कोरियन ओंडोलचे सहा दोष मांडले. दगड ओबडधोबड आणि चिखलाने कसेबसे जुळवलेले. धूरवाटा वाजवीपेक्षा उंच आणि रुंद, त्यामुळे ज्वाळा दगडाला भिडतच नाही. भिंतींच्या फटींतून वारा शिरून धूर मागे फिरतो. धुराडे नीट नाही. त्याची सूचना व्यवहारी होती: मापाच्या विटा वापरा, वाटा अरुंद करा. पुढच्या पिढीतल्या सो यु-गु याने आपल्या विश्वकोशवजा ग्रंथात हीच टीका पुढे नेली आणि सरपणाची नासाडी व उजाड झालेले डोंगर यांकडे लक्ष वेधले. ओंडोलची ‘ऊर्जा-कार्यक्षमता’ हा विषय मोजण्याचे कोणतेही यंत्र नसताना अठराव्या शतकात चर्चिला गेला होता, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

पण तेच वाक्य कोणाच्या तोंडी आहे, हेही पाहायला हवे. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानची वसाहत होता. वसाहतीच्या वनाधिकाऱ्यांनी बोडक्या डोंगरांचे खापर ओंडोलवर आणि पर्यायाने कोरियन माणसाच्या राहणीवर फोडले. सुधारित चुली, सरपणात काटकसर, जंगलात शिरण्यावर निर्बंध, अशी मोहीम उभी राहिली. वृक्षलागवडही झाली. परंतु त्याच राजवटीत यालू नदीच्या खोऱ्यातले लाकूड मोठ्या प्रमाणावर तोडले जात होते. आणि कडाक्याच्या थंडीत अनेक जपानी रहिवासीही ओंडोलच्या खोलीतच राहणे पसंत करीत होते. पाक जी-वॉन टीका करतो तेव्हा त्याला आपल्या माणसांचे घर अधिक उबदार करायचे असते. वसाहतीचा अधिकारी तीच टीका करतो तेव्हा जंगलावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न चुलीच्या धुराआड लपून जातो.

१९५०-५३ च्या युद्धाने उरलीसुरली झाडेही नेली. त्यानंतर शहरांतून सरपणाची जागा कोळशाने घेतली. ‘योनतान’ म्हणजे दगडी कोळशाच्या भुकटीची, उभी छिद्रे पाडलेली, दंडगोल वडी. स्वस्त आणि तासन्‌तास जळणारी. रात्री उठून विझत आलेली वडी बदलण्याचे काम बहुधा घरच्या गृहिणीचे. डोंगरांच्या दृष्टीने ही वडी वरदान ठरली. १९७३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वनीकरण योजनेला जे यश आले, त्यामागे लोकांच्या चुलीतले लाकूड कमी झाले हेही एक मोठे कारण होते.

किंमत मात्र माणसांनी मोजली. लाकडाचा धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, म्हणजे निदान सावध करतो. कोळशाच्या मंद जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. जमिनीच्या कागदाखालच्या लेपाला बारीकशी भेग गेली, की तो वायू झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचे. १९६० ते १९८० च्या दशकांत अशा विषबाधेने दर हिवाळ्यात शेकडो माणसे दगावत. उतारा म्हणून मुळ्याच्या लोणच्याचे गार पाणी पाजण्याची लोकसमजूत होती. त्याचा उपयोग शून्य, पण त्या पिढीच्या आठवणींत ते पाणी हमखास येते. झाडे वाचली, माणसे गेली. ऊर्जेच्या कोणत्या तक्त्यात हा रकाना असतो?

सुटका पाण्याने केली. आग खोलीखालून काढून बाहेर बॉयलरमध्ये नेली आणि जमिनीखाली फक्त गरम पाण्याच्या नळ्या फिरवल्या. न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवा: आग एका जागी, ऊब पाण्यात, आणि पाणी हवे तिथे. ही कल्पना अमेरिकेत आधीच रुजली होती, आणि तिचा एक धागा पुन्हा ओंडोलकडेच जातो. १९१० च्या दशकात टोकियोत आलेला वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट उद्योगपती बॅरन ओकुरा यांच्या घरी जेवायला गेला. थंडगार जपानी दालनातून त्याला ‘कोरियन खोली’त नेण्यात आले, तिथली ऊब त्याला इतकी मोहवून गेली की पुढे त्याने आपल्या घरांच्या जमिनींत नळ्या घातल्या. विस्कॉन्सिनमधले १९३७ चे जेकब्स घर हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण.

राइटचे घर एकेकट्या गिऱ्हाइकाचे. लेव्हिट कंपनीने तीच कल्पना कारखान्यासारखी राबवली. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १७,००० हून अधिक घरे उभी राहिली. तळघर नाही, थेट जमिनीवर काँक्रीट, काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या. बांधकामाचा खर्च वाचला. पण काँक्रीटच्या कडांतून आणि खालच्या मातीत ऊब निसटत राहिली; तेल स्वस्त होते म्हणून ते कोणाला फारसे टोचले नाही. काही वर्षांनी नळ्या गळू लागल्या आणि काँक्रीट फोडण्यापेक्षा अनेकांनी भिंतीलगतचे तापक बसवून घेतले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जर्मन अभियंता थॉमस एंगेल याने न गंजणाऱ्या मजबूत प्लास्टिक नळीची कृती शोधली आणि ही अडचण हळूहळू मिटली.

मग आजची पद्धत खरोखर ऊर्जा वाचवते का? वाचवते, आणि त्याचे कारण जुन्या दगडांशी जुळणारे आहे. संपूर्ण जमीन हाच तापक असल्याने तो फारसा गरम लागत नाही. भिंतीवरच्या जुन्या रेडिएटरला ६०-७० अंशांचे पाणी लागते. जमिनीला ३५ ते ४५ अंशांचे पुरते. युरोपीय मानकानुसार वावरण्याच्या जागेतली जमीन २९ अंशांपलीकडे तापवायचीच नाही. पाणी जितके कोमट चालेल तितका उष्णता-पंप कमी विजेत काम करतो. आधुनिक गॅस बॉयलरमध्येही परतीचे पाणी पुरेसे गार असेल तरच जळण-वायूतल्या वाफेचे पाणी होते आणि तिची लपलेली उष्णता हाती लागते. धुराड्याबाहेर पडणारा धूर शक्य तितका निवलेला असावा, हेच गुदुल बांधणारा गवंडीही साधू पाहत होता. मात्र जमिनीखाली उष्णतारोधक थर नसेल तर लेव्हिटटाउनचीच गत होते. आणि जाड काँक्रीटची जमीन तास-दोन तासांसाठी तापवू म्हटले, तर रोमन भट्टीसारखी ती तापेपर्यंत माणूस बाहेर पडलेला असतो.

कोरियात आज उंच इमारतींतल्या घरांनाही जमिनीखालूनच ऊब मिळते. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक कंपनीने वीजकेंद्रांतली वाया जाणारी उष्णता पाण्यावाटे थेट वसाहतींत पोहोचवायला सुरुवात केली. विजेसाठी पेटवलेली आग, आणि तिच्या उरलेल्या धगीवर तापणारी घरे. वैल पुन्हा जागेवर आला, एवढेच की चूल आता शहराएवढी झाली. २०१८ मध्ये तिथल्या सरकारने ओंडोलच्या राहणीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला.

जाता जाता, ओकुरा यांच्या त्या ‘कोरियन खोली’विषयी. ती सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्यातली ‘जासोनदांग’, म्हणजे युवराजाच्या निवासातली इमारत होती, असे मानले जाते. वसाहतकाळात ती उचलून टोकियोला नेली होती. १९२३ च्या कांटो भूकंपानंतरच्या आगीत ती जळाली. पायाचे दगड तेवढे हॉटेल ओकुराच्या आवारात पडून राहिले आणि १९९५ मध्ये कोरियात परत आले. राजवाड्यात जासोनदांग नव्याने बांधली गेली, पण जुने दगड त्या आगीने इतके भाजले होते की पुन्हा भार पेलण्याजोगे उरले नव्हते. ते राजवाड्याच्या मागच्या बाजूला उघड्यावर मांडून ठेवले आहेत.